लोखंड मोजा की, अक्का

आप्पा,

आपलं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत तुमचा फोन यायचा. "अक्का, चा झाला का?" एवढंच. भांडणाचा विषय निघायचा नाही. मी "झाला" म्हटलं की तुम्ही फोन ठेवायचात. अकरा वर्षांत हा नेम कधी चुकला नाही. यावेळी चुकला. एक दिवस गेला, दोन गेले, मी म्हटलं बघू या किती ताणतात. मीही हट्टीच. आठव्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला, नाव तुमचंच होतं, आणि मी उचलून थेट म्हणाले, "झाला चहा, बोला." पलीकडे तुमची सूनबाई होती.

पेपरात दोन बोटं बातमी आली. जन्म, गाव, कुठे कुठे काम केलं, मागे कोण कोण. 'ज्येष्ठ पॅटर्नमेकर' असं लिहिलंय. तुम्ही म्हणाला असता, "ज्येष्ठ म्हंजे म्हातारंच की, सरळ लिवा." ती सगळी माहिती मी इथे परत देत नाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, ते मला पुरं करायचंय. आणि एक गोष्ट अकरा वर्षं मी तुमच्यासमोर बोललेली नाही, ती बोलायची आहे.

मी आयटीआयत नोकरीला लागले तेव्हा तुम्ही तिथे आधीच होता. उद्यमनगरच्या फाउंड्र्यांत जन्म घालवून निवृत्त झालेला मिस्त्री, आठवड्यातले चार दिवस प्रॅक्टिकल शिकवायला येणारा. मी नवी इन्स्ट्रक्टर. थिअरी आणि ड्रॉइंग माझ्याकडे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील फाउंड्रीत, ओतलेल्या लोखंडाची कास्टिंग घासायच्या कामाला. संध्याकाळी घरी आले की नाकातून काळं निघायचं. माझ्या नावापुढे बी.ई. लागलं तेव्हा हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात वडिलांनी चौकात बोर्ड लावला होता आणि त्यावर माझा फोटो सगळ्या पुढाऱ्यांपेक्षा मोठा होता. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, लपवत नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही कानावरची पेन्सिल काढून विचारलंत, "शिक्षण किती म्हणायचं?"

"बी.ई. मेकॅनिकल."

"मी सातवी. चला, दोघं मिळून एक पुरा मिस्त्री हुतोय."

मला ते आवडलं नव्हतं. माझ्या डिग्रीत तुमची सातवी मिसळायची मला गरज वाटत नव्हती. तुम्हाला ते कळलं असणार, कारण त्या दिवसापासून तुम्ही मला अक्का म्हणायला लागलात. सत्तरीकडे झुकलेला माणूस चोवीस वर्षांच्या मुलीला थोरली बहीण म्हणतोय. वर्कशॉपमध्ये सगळे हसायचे. तुमच्या सीमेकडच्या गावात बाईमाणसाला मान द्यायचा तो असाच, हे मला पुढे तुमच्या घरी काकूंनी सांगितलं. तोवर मी समजत होते की तुम्ही माझी चेष्टा करताय. थोडी चेष्टाही होतीच, आप्पा.

तुमच्याबद्दल मनात आदर कधी सुरू झाला, ते मला नक्की आठवतं. प्रवेशाचे दिवस होते. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, मी फॉर्म बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, पोरगं हुशार नाही हो. राजारामपुरीत क्लास लावून बघितला, काही उपयोग नाही. म्हणून म्हटलं आयटीआयला घालू." मी नेहमीसारखी मान डोलावली. तुम्ही शेजारच्या टेबलावर चहा पीत होता. कप खाली ठेवलात.

"पावणं, घिऊन जावा परत."

"का हो?"

"हितं हुशार लागतंय."

गृहस्थ भांबावले. मग तुम्ही त्या मुलाला जवळ बोलावलंत, हातात सागवानाचा एक तुकडा दिलात आणि विचारलंत, ह्यो कुठल्या बाजूनं वाकंल? त्यानं तुकडा उलटा-सुलटा केला, रेषा बघितल्या, बरोबर बाजू दाखवली. तुम्ही वडिलांकडे वळून म्हणालात, "ह्याला हुशार न्हाय कोण म्हणालं? तुमीच न्हवं?" त्या दिवशी मी फॉर्मवर सही केली, पण लाज मला वाटत होती. कारण मीही तेच धरून चालले होते. शिकवायची जागा मिळाली होती, शिकणाऱ्यांबद्दल मत मात्र त्या गृहस्थांचंच होतं.

आता पंपाखालच्या लोखंडी बैठकीची गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळायला हवी, म्हणून पहिल्यापासून सांगते.

लोखंडाची ओतीव वस्तू करायची तर आधी तिचं लाकडाचं पॅटर्न लागतं. ते वाळूत दाबून साचा होतो, साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. आता ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, शंभर मिलिमीटरला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं. यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर किंचित लांब असतो. त्या पट्टीनं सहाशे मोजलं की लाकूड आपोआप सहाशे सहा होतं. मिस्त्रीला हिशेब करावा लागत नाही. हिशेब पट्टीतच असतो.

एका फाउंड्रीनं आमच्या मुलांना खरं काम दिलं. पंपाची लोखंडी बैठक, लांबी सहाशे. आमच्या वर्कशॉपला मिळालेलं पहिलं बाहेरचं काम. ड्रॉइंग मी केलं. पुस्तकात आकसण्याचं गणित असतं, मी ते वर्गात शिकवत होते, परीक्षेला हमखास येतं. मी ते गणित केलं आणि ड्रॉइंगमध्ये लांबी लिहिली सहाशे सहा. ते तुमच्याकडे आलं. तुम्ही मुलांना तुमची पट्टी दिलीत आणि मुलांनी तिनं सहाशे सहा मोजून पॅटर्न केलं.

आकसण्याची वाढ दोनदा धरली गेली. एकदा माझ्या कागदावर, एकदा तुमच्या पट्टीत. लाकूड झालं सहाशे बारा. मी तुम्हाला विचारलं नाही, तुम्ही मला विचारलं नाही. मला वाटलं, सातवी शिकलेल्या माणसाला यातलं काय सांगायचं. तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. बहुतेक वाटलं असेल, एवढी बी.ई. झालेली पोरगी, मिस्त्रीनं कसली शंका काढायची.

यातली खरी गंमत पुढेच आहे. ते पॅटर्न आपण रीतसर तपासलं. ड्रॉइंग समोर ठेवून त्याच पट्टीनं मोजलं, केसभर फरक नव्हता. मुलांना पैकीच्या पैकी मार्क दिले, मी स्वतः दिले. फाउंड्रीच्या मालकानं आधी एक नमुना ओतून बघायला हवा होता. तो म्हणाला, "आप्पांच्या हाताखालचं पॅटर्न, नमुना कशाला?" आणि एका दमात बारा ओतले. बारा बैठका निवल्या, मशीनवर गेल्या, आणि भोकांच्या जागा ठरवणारी चौकट, म्हणजे जिग, एकावरही बसेना. सहाशेच्या जागी सहाशे सहा.

मालक तावातावानं आयटीआयत आला. प्राचार्य, तुम्ही, मी. ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं, खाली माझी सही, नावापुढे बी.ई. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. गावातला तो बोर्ड डोळ्यांसमोर येत होता. मालकानं विचारलं, चूक कुणाची? तुम्ही माझ्याकडे बघितलं सुद्धा नाहीत.

"माझी. नमुना न बघता वतू द्यायला नगं हुतं. मिस्त्री मी हाय."

मी गप्प बसले.

त्या बारा बैठका परत भट्टीत गेल्या. मालक दोन वर्षं उद्यमनगरात सांगत फिरला की आप्पांचा हात आता राहिला नाही. ज्या माणसाच्या नावावर लोक नमुना न बघता ओतत होते, त्याच्याबद्दल. तुमच्या कानावर ते येत होतं, माझ्याही. तुम्ही एकदाही त्या ड्रॉइंगचं नाव काढलं नाहीत. भांडणात सुद्धा नाही. आपण काय कमी भांडलो का! फॅन लावण्यावरून भांडलो, मुलींना जड पॅटर्न उचलू द्यायचं की नाही यावरून भांडलो (ते मी जिंकलं), पण माझं तोंड बंद करायचं एक वाक्य तुमच्याकडे कायम तयार होतं आणि ते तुम्ही वापरलं नाहीत. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि त्रासही व्हायचा. सांगून टाकलं असतंत तर मला निदान रागावता आलं असतं.

त्या प्रकरणानंतर तुम्ही एवढंच केलंत. पुढच्या परीक्षेला मी पॅटर्न मोजायला पट्टी घेतली, तर माझ्या हातातून काढून घेतलीत.

"लाकूड मोजून पास करताय? लोखंड मोजा की, अक्का."

आणि तुम्ही मुलांची पॅटर्न स्कूटरला बांधून ओळखीच्या फाउंड्रीत नेलीत. तिथल्या लोकांच्या हातापाया पडून ओतून आणलीत. मुलांनी स्वतःचं कास्टिंग स्वतः घासलं, मोजलं. निम्म्यांचं चुकलेलं निघालं. कुणी पट्टी चुकीची घेतलेली, कुणी घासायला जादा माप सोडलेलं नाही, कुणाचं पॅटर्न साच्यातून निघताना वाळूची कड घेऊन आलेलं. लाकडावर या सगळ्यांना मी पास केलं असतं. मग तुम्ही मला बोलावलंत. "आता तुमचं गणित सांगा ह्यास्नी. आता डोस्क्यात जाईल." आणि गेलं. माझ्या थिअरीच्या तासाला मुलं पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागली. तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये तुमचा प्रॅक्टिकलचा तास आणि माझा थिअरीचा तास वेगळा राहिला नाही. वेळापत्रकात वेगळा होता, तो प्राचार्यांच्या समाधानासाठी.

गेल्या वर्षी देशभरच्या आयटीआयंसाठी आमच्या ट्रेडचा अभ्यासक्रम नव्यानं लिहायला समिती नेमली आणि तिच्यात माझं नाव आलं. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही राजारामपुरीतनं पेढे आणलेत आणि गेटवरच्या वॉचमनपासून वाटत सुटलात. "आमची अक्का दिल्लीचं पुस्तक लिवतीया." मग माझ्यासमोर बसून म्हणालात, "एकच घाला त्यात. पोरानं केलेलं पॅटर्न वतल्याबिगर आन् लोखंड मोजल्याबिगर पास करायचं न्हाय. बाकी काय बी लिवा, मी इचारायला येणार न्हाय."

मी ते घातलं. मसुदा इंग्रजीत होता, तुमच्यासाठी मराठीत करून दिला. तुम्ही सुतारी पेन्सिलीनं एका ओळीत चार शब्दांभोवती गोल केलात आणि तो कागद घेऊन भर दुपारी आयटीआयत आलात. गोल केलेले शब्द होते, 'जिथे शक्य असेल तिथे'.

"ह्ये काय हाय?"

मी समजावून सांगितलं. डोंगरात, वाळवंटात, कुठे कुठे आयटीआय आहेत, शंभर कोसांत भट्टी नाही. सक्ती केली तर तिथला ट्रेडच बंद पडेल, आणि तिथल्या मुलांचं नुकसान होईल.

"जिथं शक्य आसंल तिथं म्हंजे कुटंच न्हाय. तुमाला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. पळवाट ठिवली की समदी त्याच वाटंनं जात्यात."

"आप्पा, देश म्हणजे उद्यमनगर नाही."

हे वाक्य मी ज्या सुरात म्हणाले, तो सूर मला अजून ऐकू येतो. पहिल्या दिवशीची ती बी.ई. बोलत होती. तुम्ही कागदाची घडी घातलीत.

"न्हाय. पर लोखंड समदीकडं सारखंच आकसतंय."

समोर आलेला चहा तसाच ठेवून तुम्ही निघून गेलात. ती आपली शेवटची भेट.

तुमच्या मातीनंतर मी काकूंजवळ बसले होते. मनात एकच होतं, त्यांनी म्हणावं की ते तुझ्यावर रागावलेले नव्हते. काकूंचा हात हातात घेतला आणि विचारलंच.

"रागावलं हुतं की," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? जेवताना बी तुझंच काढायचं. म्हणायचं, तिला समदं ठावं हाय. एकदा बोलली तर दिल्लीवालं बी ऐकतील. पर बोलत न्हाय."

मी उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. तुम्ही वाट बघत होता, आप्पा. मला वाटायचं तुम्ही ती बारा बैठकांची गोष्ट विसरलात. तुम्ही अकरा वर्षं माझ्या कबुलीसाठी जागा ठेवून बसला होता, आणि मी समितीत भट्ट्या किती नि अंतरं किती हे बोलत होते. लाकूड मोजून काही कळत नाही, याचा याहून मोठा पुरावा कुणाकडे नव्हता. तो पुरावा माझ्याकडे होता, आणि त्यावर माझी सही होती.

समितीची शेवटची बैठक परवा झाली. ऑनलाइन, प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून. पडद्यावर चाळीसेक चेहरे, निम्म्यांच्या नावापुढे डॉक्टर लागलेलं. तो मुद्दा आला तेव्हा मी म्हटलं, हे चार शब्द काढावेत, आणि का काढावेत ते सांगते. माझं हिंदी तुम्हाला ठाऊकच आहे, निम्मं मराठीच असतं, तुम्ही त्याला 'वारणेचं दूध घातलेलं' म्हणायचात. त्याच हिंदीत सगळं सांगितलं. ड्रॉइंग मी काढलं. वाढ मी धरली. मिस्त्रींना विचारलं नाही, कारण मी इंजिनिअर होते आणि ते सातवी शिकलेले होते. मग तपासणी मीच केली, मार्क मीच दिले, आणि बारा कास्टिंग भंगारात गेली. आपल्या आजच्या परीक्षेत ते पॅटर्न आजही पैकीच्या पैकी मार्क घेईल.

अध्यक्षांनी विचारलं, "तो गलती किसकी थी, मैडम?"

"दोनों की थी, सर. मानी एक ने."

मागे प्राचार्य उभे होते. मालक आला त्या दिवशीही तेच टेबलाशी होते. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

मग माझाच मुद्दा माझ्यावर आला. एका डोंगरी राज्यातल्या बाईंनी विचारलं, आमच्याकडे भट्टी नाही, आम्ही काय करायचं? याचं उत्तर तुमच्याकडेही नव्हतं, हे मला आजही म्हणायचंय. आपल्या भांडणात मी पूर्ण चुकीची नव्हते. मी बाईंना म्हटलं, मला माहीत नाही. पॅटर्न पार्सलनं आमच्याकडे पाठवा, आम्ही ओतून परत पाठवू, तुमच्या मुलांना लोखंड मोजू दे. त्यात काय अडतंय ते वर्षभर बघू आणि मग नियम त्या अडचणींसाठी लिहू. आधीच पळवाट लिहून ठेवायला नको. कोण ओतून देणार, हे मी तोवर कुणालाही विचारलेलं नव्हतं. तुमच्यासारखीच बोलून गेले.

ते चार शब्द गेले, आप्पा. मसुद्यात आता सरळ लिहिलंय की मुलाच्या पॅटर्नचं कास्टिंग मोजल्याशिवाय त्याला पास करता येणार नाही, आणि थिअरीच्या शिक्षकानं त्या मोजणीला हजर राहायचं. अजून त्यावर हरकती येतील, वरचे लोक काय करतील ते माहीत नाही. बाईंची पहिली पॅटर्न येतील तेव्हा मला फाउंड्रीवाल्यांच्या दारात जाऊन उभं राहायचंय. पहिलं दार त्याच मालकाचं. त्याच्याकडे जाऊन आधी तुमच्या हाताबद्दल बोलणार आहे, ओतण्याचं नंतर.

वडिलांना काल सगळं सांगितलं. बोर्ड त्यांनीच लावला होता, म्हणून त्यांना आधी सांगायला हवं होतं. ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "त्या बारा बैठका मीच घासल्या असत्या, आमच्याकडं आल्या असत्या तर." एवढंच.

चूक माझी होती, आप्पा. चाळीस परक्या माणसांसमोर मला हे म्हणता आलं. तुम्ही अकरा वर्षं समोरच्या टेबलावर बसायचात, तिथे नाही आलं.